रात्री नऊ ते सकाळी नऊ : निरोपाला घड्याळ कुणी आणि का लावलं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.

सणासुदीच्या आधी आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर दुकानदारांच्या एसएमएसचा पाऊस सुरू होतो. साडी, सोनं, दुचाकी, फ्लॅट, क्लास, कर्ज. यातले बहुतेक मेसेज त्या क्षणी कुणी बोटानं टाईप करून पाठवत नाही. दुकानदार किंवा त्याचा एजंट दोन-चार दिवस आधी कॉम्प्युटरसमोर बसतो. मजकूर टाकतो, नंबरांची यादी चढवतो आणि तारीख-वेळ भरून ठेवतो. धंद्याच्या भाषेत याला ‘शेड्यूल करणं’ म्हणतात. ठरलेल्या मिनिटाला दहा हजार फोन एकदम टुणकन वाजतात.

आता हे दुकानदाराचं खासगी काम, त्यावर सार्वजनिक चर्चा कशाला, असं वाटेल. पण निरोप कधी पोचवायचा, या प्रश्नाला आपल्याकडे बराच जुना इतिहास आहे. तो चाळताना एक गोष्ट सारखी दिसते. निरोप कधीच फुकट नसतो. त्याची किंमत कुणीतरी भरत असतं. आधी ती निरोप नेणाऱ्याच्या पायांनी भरली, मग धाडणाऱ्याच्या खिशानं भरली आणि आता ती आपण, म्हणजे निरोप घेणारे, आपल्या वेळेनं भरतोय. त्यातूनच सरकारला निरोपाला घड्याळ लावायची वेळ आली.

दवंडी : किंमत पायांची

गावात दवंडी कधी द्यायची याचं एक गणित असायचं. भरदुपारी दिली तर ऐकायला कोण? माणसं शिवारात. म्हणून दवंडी दिवेलागणीला, नाहीतर सकाळी माणसं बाहेर पडायच्या आत. बाजाराच्या गावी बाजाराच्या दिवशी. म्हणजे ‘गिऱ्हाईक कधी सापडतं’ हा आजच्या मार्केटिंगवाल्यांचा प्रश्न गावगाड्यानं कधीच सोडवला होता.

पण ती दवंडी देणारा कोण? निरोप पोचवणं, सरकारी कागद एका गावाहून दुसऱ्या गावी नेणं, हाळी देणं ही कामं बहुतेक गावांत महार समाजावर वतन म्हणून लादलेली होती. वतन म्हणजे म्हणायला हक्क, प्रत्यक्षात वेठ. रात्री-अपरात्री बोलावलं की जायचं. निरोप धाडणाऱ्याला तो जवळपास फुकट पडायचा, कारण त्याची किंमत एका जातीच्या श्रमातून वसूल व्हायची.

आपल्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं बंद केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात याच प्रश्नावर विधेयक मांडलं. मुंबई राज्यात ही कनिष्ठ गाववतनं कायद्यानं नाहीशी व्हायला मात्र १९५८ साल उजाडलं. समाजसुधारणेचा भाग म्हणून आपण हे वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण निरोपाच्या इतिहासातही ही मोठी घटना आहे. ‘निरोप फुकट पोचवला जाईल’ ही सोय पहिल्यांदा कायद्यानं मोडली ती इथं.

हँडबिल, रेडिओ, भोंगा : किंमत खिशाची

पुढचा काळ व्यापाऱ्याच्या पैशांचा. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची बाजारपेठ वसवली. गुळाचा व्यापार वाढला, पेढ्या आल्या. पेढी आली की पाटी आली, पाटीच्या मागोमाग जाहिरात आली.

जाहिरातीच्या बाबतीत कोल्हापूर मागे नव्हतं, उलट पुढेच होतं. बाबूराव पेंटर यांनी विसाच्या दशकात आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेली छापील पुस्तिका काढली. भारतात हे करणाऱ्या पहिल्या मंडळींत त्यांचं नाव घेतलं जातं. खेळ लागण्याआधी लोकांच्या हातात कागद पडला पाहिजे, हे त्यांना कळलं होतं. खेळ लागून गेल्यावर पोस्टर लावून काय उपयोग!

नंतर वर्तमानपत्रात घालून वाटली जाणारी हँडबिलं आली. माझ्या धंद्यातलं असल्यानं हे जवळून बघितलंय. भल्या पहाटे पेपरांचे गठ्ठे उतरतात, एजंट आणि पोरं रस्त्याकडेला बसून पेपर लावतात आणि प्रत्येक पेपरात एकेक हँडबिल सरकवतात. दुकानदाराला हमखास रविवार पाहिजे असतो, कारण त्या दिवशी घरातली चार माणसं निवांत पेपर उघडतात. हेसुद्धा शेड्यूलिंगच. फरक एवढाच, की छपाई आणि टाकणावळ असे दोन्ही पैसे दुकानदाराच्या खिशातून जायचे. म्हणून तो विचार करायचा. पाच हजार छापायची का दोन हजार? राजारामपुरीत टाकायची का मंगळवार पेठेत? खर्च स्वतःचा असला की माणूस आपोआप मोजून बोलतो.

रेडिओचंही तसंच. रेडिओ सिलोनवर १९५२ पासून बुधवारी रात्री आठला ‘बिनाका गीतमाला’ लागायची. एका टूथपेस्टनं देशाची बुधवारची संध्याकाळ आपल्या नावावर केली होती. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ ला, मुंबई, पुणे आणि नागपूरहून. आपल्या भागात १९६३ पासून सांगली आकाशवाणी ऐकली जायची. शेतीचा कार्यक्रम, बाजारभाव, सगळं ठरल्या वेळी. लोक त्यावर घड्याळ लावायचे. इथं ऐकणारा राजा होता, कारण रेडिओचा कान पिळायचं त्याच्या हातात होतं. नको असेल तर बंद.

मग रिक्षावर भोंगा आला आणि गणित बिघडलं. रिक्षा, ॲम्प्लिफायर, एक टेप. खर्च किरकोळ, आवाज अख्ख्या गल्लीला. भोंगा बंद करायचं बटण ऐकणाऱ्याच्या हातात नाही. घरात बाळ झोपलंय, पोरगा दहावीचा अभ्यास करतोय, कुणी आजारी आहे, याच्याशी भोंग्याला देणंघेणं नाही. शेवटी केंद्र सरकारनं २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले : रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सणांसाठी वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देता येते. ते दिवस कोणते, यावर आपल्याकडे दरवर्षी चर्चा झडते, बातम्या होतात, आम्हीच त्या लिहितो.

हा नियम लक्षात ठेवा. तंत्रज्ञान बदललं, पण मोबाईलच्या बाबतीत पुढे जे झालं त्याचा साचा हाच होता. निरोप स्वस्त झाला, धाडणारा मोकाट सुटला, मग कायद्यानं घड्याळ लावलं.

१६० अक्षरांची गोष्ट

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला ब्रिटनमध्ये गेला. नील पॅपवर्थ नावाच्या तरुण इंजिनिअरनं कॉम्प्युटरवरून नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. गंमत म्हणजे पहिलाच मेसेज सणाच्या शुभेच्छांचा होता आणि तोसुद्धा तीन आठवडे आधी!

भारतात पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना लावला होता. तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. मोबाईल सामान्य माणसाच्या हातात आला तो २००३ नंतर. त्या वर्षी इनकमिंग फुकट झालं, पाठोपाठ रिलायन्सनं ५०१ रुपयांत फोन द्यायला सुरुवात केली. गवंडी, भाजीवाली, दूधवाले, सगळ्यांच्या खिशात नंबर आला. आणि ज्याच्या खिशात नंबर, तो गिऱ्हाईक.

एसएमएसची लांबी १६० अक्षरं, हे ठरलं १९८५ च्या सुमारास जर्मनीत. फ्रीडहेल्म हिलब्रांड नावाच्या इंजिनिअरनं टाईपरायटरवर वेगवेगळी वाक्यं टाईप करून बघितली आणि एवढ्यात माणसाचं म्हणणं बसतं असा हिशोब काढला. पण हा हिशोब रोमन लिपीचा. देवनागरीत लिहिलं की एका मेसेजात फक्त ७० अक्षरं बसतात आणि काना, मात्रा, वेलांटी यांचीही मोजणी वेगळी होते. म्हणजे ‘दसऱ्यानिमित्त सर्व ग्राहकांना हार्दिक शुभेच्छा’ एवढं लिहीपर्यंतच दोन-तृतीयांश मेसेज संपला. पुढे दुकानाचं नाव आणि पत्ता घातला की दुसरा मेसेज आणि पैसे दुप्पट. आपल्याकडची दुकानं वर्षानुवर्षं रोमन लिपीत मराठी किंवा तोडक्या इंग्रजीत मेसेज का पाठवत राहिली, त्याचं मोठं कारण हे आहे. भाषेचं प्रेम कमी होतं असं नाही, मराठीचा दर जास्त होता.

त्याच काळात मोबाईल कंपन्यांनी ‘ब्लॅकआऊट डे’ ही भानगड काढली. वर्षभर स्वस्त मेसेजचं पॅक, पण दिवाळी आणि ३१ डिसेंबर अशा दिवशी पॅक चालणार नाही, पूर्ण दर लागणार. आठवतंय का? आपण आदल्या दिवशीच शुभेच्छा पाठवून मोकळे व्हायचो. मेसेजची वेळ सांभाळायला सामान्य माणसाला आधी शिकवलं ते या ब्लॅकआऊटनं.

घड्याळ लागलं

ठोक मेसेजचा भाव पैशांत आला तसा दुकानदाराचा हात सैल सुटला. नंबर कुठून मिळवायचे? लकी ड्रॉचं कुपन, प्रदर्शनातली वही, झेरॉक्सच्या दुकानात राहिलेला फॉर्म. हँडबिल छापताना दहा वेळा विचार करणारा माणूस मेसेज सोडताना एकदाही करेना.

टेलिफोन नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, जून २००७ मध्ये पहिले नियम केले आणि ऑक्टोबरात ‘डू नॉट कॉल’ची नोंदवही सुरू झाली. त्यात मेख होती. नको असेल तर नोंद तुम्ही करायची. नाही केली तर तुम्ही राजी आहात असं धरायचं. उपयोग बेताचाच झाला.

मग १ डिसेंबर २०१० ला नवे, कडक नियम आले. जाहिरातीचे फोन आणि मेसेज रात्री नऊ ते सकाळी नऊ पूर्ण बंद. गिऱ्हाईकाला सात प्रकारांतून निवड करता येणार : बँक-विमा, घर-जमीन, शिक्षण, आरोग्य, वस्तू आणि वाहनं, करमणूक-संपर्क, पर्यटन. हे नियम लागू व्हायची तारीख पुढे-पुढे ढकलत अखेर ठरली २७ सप्टेंबर २०११.

त्या वर्षीचं पंचांग काढून बघा. २७ सप्टेंबरला सर्वपित्री अमावास्या होती, दुसऱ्या दिवशी घटस्थापना. पितृपंधरवड्यात बाजार थंड असतो आणि घट बसले की दसरा-दिवाळीची गाडी सुटते. दिल्लीतल्या कुणा अधिकाऱ्यानं पंचांग बघून तारीख ठरवली असेल असं मी म्हणत नाही. पण व्यापाऱ्यांच्या अंगानं बघितलं तर ऐन हंगामाच्या उंबऱ्यावर दार लागलं. त्याच वेळी एका सिमवरून दिवसाला १०० मेसेजची मर्यादा आली, ती नोव्हेंबरात २०० झाली. साध्या सिमवरून रात्रभर जाहिराती सोडणाऱ्यांची त्यामुळं पंचाईत झाली.

या घड्याळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ठोक मेसेज सरकारनंही पूर्ण बंद करून दाखवलेत. सप्टेंबर २०१० मध्ये अयोध्येच्या निकालाआधी देशभर ठोक एसएमएस थांबवले गेले. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येच्या लोकांबद्दल अफवा पसरल्या, बंगळूर-पुण्याहून माणसं रेल्वे भरून गावी निघाली, तेव्हा एका वेळी फक्त पाच मेसेजची मर्यादा घातली आणि नंतर ती वीस केली. अफवा थांबवायला याची गरज असेलही. पण जे बटण रात्रीची जाहिरात थांबवतं, तेच बटण नागरिकांचा आवाजही थांबवू शकतं. नियमाचं स्वागत करताना हे विसरून चालणार नाही.

योग्य वेळेचा निरोप शेतकऱ्याला काय देतो?

एसएमएस म्हणजे नुसती कटकट, असं म्हणणंही अन्याय होईल. २००७ मध्ये महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा सुरू झाली. शेतकऱ्यानं पीक आणि बाजार निवडायचे, वर्गणी भरायची. मग रोज त्याच्या फोनवर मराठीत भाव, हवामान आणि सल्ला यायचा. म्हणजे इथं निरोप घेणारा स्वतः पैसे देऊन निरोप मागत होता. जाहिरातीच्या बरोबर उलटं.

याचा खरंच फायदा होतो का, हे फाफशांप आणि मिंटन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत तपासलं. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले. शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात सरासरी म्हणावा असा फरक पडलेला दिसला नाही. वाचून वाईट वाटतं, पण आपल्याकडच्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. भाव कळला म्हणून माल दुसऱ्या बाजारात न्यायला गाडी लागते, भाडं लागतं आणि अडत्याची उचल फिटलेली असावी लागते. निरोप वेळेवर आला तरी त्यावर काही करायची ताकद हातात असावी लागते. ठोक मेसेजवर पैसे घालणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं.

आताची व्यवस्था

१९ जुलै २०१८ ला ट्रायनं नियम पुन्हा बदलले. आता मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येक धंद्यानं मोबाईल कंपनीकडे नोंद करायची, आपलं सांकेतिक नाव नोंदवायचं आणि मेसेजचा साचासुद्धा आधी मंजूर करून घ्यायचा. साच्यात न बसणारा मेसेज वाटेतच अडवायचा. ८ मार्च २०२१ ला ही गाळणी एकदम सुरू केली आणि बँकांचे ओटीपीच अडकले. देशभर बोंब झाली. आठवडाभरासाठी गाळणी थांबवावी लागली. ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंद न केलेली लिंक असलेला मेसेजही अडवला जातो.

फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येतं. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकारी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढं एक जरूर शिकवा. मेसेज उघडायच्या आधीच कळतं की निरोप कोणत्या जातकुळीचा आहे.

२०१८ च्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, तिची चर्चा फारच कमी होते. जाहिरात दिवसाच्या कोणत्या वेळेत आणि कोणत्या वारी चालेल, हे गिऱ्हाईकाला स्वतः ठरवता येतं. तसंही आता जाहिरातीचे मेसेज साधारण सकाळी दहा ते रात्री नऊ एवढ्याच वेळेत सोडले जातात. म्हणजे घड्याळ आधी सरकारनं लावलं आणि मग त्याची किल्ली गिऱ्हाईकाच्या हातात दिली. आपण ती वापरत नाही हा भाग वेगळा.

कोल्हापूरचं घड्याळ वेगळं आहे

आता माझ्या व्यापारी मित्रांसाठी. कायद्यानं दिलेली वेळ ही कमीत कमी मर्यादा आहे. ती पाळली म्हणजे गिऱ्हाईक कळलं असं नाही.

सकाळी दहा ही कचेरीतल्या माणसाची वेळ. आपल्या जिल्ह्यात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांत रात्रपाळी करून आलेला कामगार दहाला गाढ झोपेत असतो. शेतकऱ्याचा दिवस पहाटे धारेला सुरू होतो. शेतीपंपाला रात्रीची वीज असली की तो रात्री बाराला उसाला पाणी पाजत असतो आणि दुपारी आडवा होतो. दुपारी दोनला टुणकन वाजणाऱ्या मेसेजनं त्याची झोप मोडली, तर तो तुमच्या दुकानाचं नाव लक्षात ठेवेल, पण चांगल्या कारणासाठी नाही.

पैशाचंही घड्याळ आहे. गोकुळच्या दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, दिवाळीला फरक मिळतो. कायद्यानं उसाचं बिल गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवं, मिळतं कधी ते तुम्ही-आम्ही जाणतो. पाडव्याला गुळाचे सौदे मुहूर्तावर निघतात. चैत्रात जोतिबाची यात्रा, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची गर्दी. जुना दुकानदार हे सगळं तोंडपाठ सांगायचा. दुधाचं बिल झालं का, कारखान्यानं पैसे सोडले का, हे विचारूनच तो माल भरायचा. आज त्याचाच मुलगा पुण्याच्या किंवा मुंबईच्या एजन्सीला काम देतो आणि ती एजन्सी अख्ख्या महाराष्ट्राला शनिवारी सकाळी अकराला एकच मेसेज सोडते. बापाकडं असलेलं ज्ञान मुलानं पैसे देऊन घालवलं, दुसरं काय?

माझं मत विचाराल तर तीन गोष्टी. ज्यानं स्वतः नंबर दिलाय आणि कशासाठी दिलाय हे ज्याला माहीत आहे, त्यालाच मेसेज पाठवा. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही संमतीचंच तत्त्व सांगतो. दुसरं, जेव्हा गिऱ्हाईकाला खरंच काही करता येईल तेव्हाच पाठवा : ऑफर संपायच्या आदल्या रात्री नाही, चार दिवस आधी. तिसरं, महिन्याला एखाद-दुसरा पुरे. हँडबिल छापताना जसा खर्चाचा विचार करायचा, तसाच समोरच्याच्या वेळेचा करा.

हे सगळं कशासाठी?

कारण वेळेचं महत्त्व दुकानदारापेक्षा भामट्यांना जास्त कळलंय. २०२२ मध्ये राज्यभर एक मेसेज फिरला : तुमचं मागचं वीजबिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, लगेच या नंबरवर फोन करा. त्या साडेनऊमध्ये सगळी चलाखी आहे. संध्याकाळ उलटलेली, वीज कार्यालय बंद, विचारायचं कुणाला? घरात एकटी म्हातारी माणसं, पोरांची परीक्षा. घाबरून फोन केला की खातं रिकामं. महावितरणला जाहीर खुलासे करावे लागले की आम्ही असे मेसेज दहा आकडी खासगी नंबरावरून पाठवत नाही, आमच्या नोंदणीकृत नावानंच पाठवतो. ज्यांना मेसेजवरचं नाव वाचायची सवय होती ते वाचले.

आणि आपल्यासाठी याहून मोठं कारण पंचगंगा आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आपण सगळ्यांनी फोन हातात धरून रात्री काढल्या. महामार्ग पाण्याखाली, वीज गेलेली, बॅटरी संपत आलेली. त्या रात्री पाणी किती फूट झालं हा एवढाच निरोप महत्त्वाचा होता. सरकारनं २०२३ मध्ये मोबाईलवर मोठ्यानं वाजणाऱ्या आपत्ती-इशाऱ्याच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा दचकून कितीतरी जणांनी आम्हाला फोन केले होते. तो इशारा रात्री तीनलाही वाजू शकतो आणि वाजलाच पाहिजे. नऊ ते नऊचं घड्याळ त्याला लागू नाही.

पण ज्या माणसाचा इनबॉक्स दिवसभर सेल, कर्ज आणि फ्लॅटनं भरलेला आहे, तो पुढच्या पुरात तहसीलदारांचा साधा एसएमएस उघडून वाचेल का? मला याची काळजी वाटते. आपण मेसेज न वाचायला शिकलोय आणि हे आपल्याला जाहिरातींनीच शिकवलंय. दुकानदाराचा प्रत्येक फालतू मेसेज खऱ्या निरोपाची पत थोडी-थोडी कमी करतो. ती किंमत त्याच्या बिलात कुठेच दिसत नाही, आपण ती पुराच्या रात्री भरू.

म्हणून दोन कामं करा. नको त्या जाहिराती बंद करायच्या असतील तर इंग्रजीत ‘स्टार्ट’ आणि पुढे शून्य लिहून १९०९ ला मेसेज करा, नाहीतर त्याच नंबरवर फोन करून फक्त हव्या त्या प्रकारांची निवड ठेवा. तरीही मेसेज आला तर १९०९ वरच तक्रार करा. आता त्यासाठी सात दिवसांची मुदत आहे आणि दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तर पाठवणाऱ्यावर कारवाई सुरू होऊ शकते. पाच म्हणजे एका अपार्टमेंटचं काम आहे. आणि दुसरं काम, पावसाळ्याआधी घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमधले साचलेले मेसेज एकदा बसून साफ करून द्या आणि सरकारी मेसेज कसा ओळखायचा ते दाखवा.

दुकानदार मंडळींनो, रागावू नका. तुमच्यापैकी ज्यांना स्वतःच्या गिऱ्हाईकाची वेळ कळते त्यांनी खाली लिहा, तुम्ही मेसेज कधी पाठवता आणि का. बाकीच्यांना शिकायला मिळेल.